स्फोटांचे आवाज रंगवणारा चित्रकार

अली बनीसद्र यांचा जन्म १९७६चा, तेहरानमधला. चार वर्षांनी इराण-इराक युद्ध पेटलं. बाहेर बॉम्ब पडत, तेव्हा लहानगा अली कागद घेऊन त्या आवाजांची चित्रं काढत बसे. १९८८ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, कुटुंबाने देश सोडला. मग कॅलिफोर्निया, सॅन फ्रान्सिस्कोच्या भिंतींवरची ग्राफिटी आणि पुढे न्यू यॉर्कमध्ये रीतसर कलाशिक्षण.

त्यांच्या कॅनव्हासवर आकृत्यांची झुंबड असते. जवळ जाऊन पाहावं तर हा माणूस, पक्षी की ब्रशचा नुसता फटकारा, हे कळत नाही. समीक्षक लगेच जुन्या डच चित्रकार बॉशचं नाव घेतात. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. इराणी लघुचित्रात गर्दीच्या प्रसंगी कोपऱ्यातला घोडेवालाही नायकाइतक्याच निगुतीने रंगवलेला असतो. नजर एका जागी ठरत नाही. बनीसद्र यांच्या चित्रांतही तेच होतं, फक्त तैलरंगात.

रंगवताना आपल्याला आवाज ऐकू येतात, असं ते सांगतात. म्हणूनच ‘निर्वासिताची वेदना’ हा तयार शिक्का मला तोकडा वाटतो. त्या गोंगाटात दहशत आहे, तशी जत्रेची मौजही आहे.