कामगारकपात, मुंबईच्या कापडगिरण्यांतील

उत्पादनखर्च घटविण्यासाठी कामगारांची संख्या कमी करणे, म्हणजे कामगारकपात. मुंबईच्या कापडगिरण्यांत तिला विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात महत्त्व आले. पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरली आणि जपानी मालाची स्पर्धा जाणवू लागली. १९२५ मध्ये मजुरीत साडेअकरा टक्के कपात करण्याचा गिरणीमालकांचा बेत दीर्घ संपामुळे फसला. तेव्हा मजुरीच्या दराऐवजी माणसेच कमी करण्याकडे काही मालक वळले. ससून समूहाच्या गिरण्यांत विणकराकडे दोनांऐवजी तीन माग आणि कताई खात्यातील कामगाराकडे चात्यांच्या एका बाजूऐवजी दोन बाजू देण्यास सुरुवात झाली.

कागदावर हा हिशेब सरळ होता. सहा मागांना तीन विणकर लागत, तेथे दोन पुरू लागले. राहिलेल्यांची मजुरी थोडी वाढविली, तरी बचत उरे. मात्र हलक्या कापसाचे सूत वारंवार तुटते व ते सांधण्याचा ताण कामगारावरच पडतो, ही बाब या हिशेबात नव्हती. काढून टाकलेल्यास कायद्याने भरपाई मिळत नसे. जॉबरची मर्जी संपादून बदली कामगार म्हणून गिरणीच्या दारात उभे राहावे किंवा गावी परतावे, एवढेच त्याच्या हाती असे. रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चाले. त्यामुळे एका विणकराची नोकरी जाणे ही केवळ त्याच्यापुरती गोष्ट नसे. कामावर राहिलेल्यांनाही पुढची पाळी आपली, असे वाटू लागले.

या असंतोषातून एप्रिल १९२८ मध्ये सार्वत्रिक संप झाला. सुमारे दीड लाख कामगारांचा हा संप ऑक्टोबरपर्यंत चालला व दोन कोटींहून अधिक श्रमदिवस वाया गेले. कपातीतून वाचणाऱ्या मजुरीपुढे हा खर्च फारच मोठा होता. गिरण्या बंद असतानाही कर्जावरील व्याज चुकले नाही. संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीने १९२९ मध्ये कार्यक्षमतेची योजना तत्त्वतः ग्राह्य मानली.

कपातीच्या खर्चाचा काही भार मालकावर टाकणारी देशव्यापी तरतूद औद्योगिक विवाद अधिनियमात १९५३ च्या दुरुस्तीने झाली. एक महिन्याची सूचना किंवा तिच्याऐवजी वेतन, सलग सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षास पंधरा दिवसांचे सरासरी वेतन आणि शेवटी आलेल्यास सामान्यतः प्रथम काढणे, हे तिचे मुख्य घटक होत. १९७६ मध्ये ३०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना कपातीपूर्वी शासनाची परवानगी आवश्यक करण्यात आली. बदली कामगारांना मात्र सलग सेवा सिद्ध करणे अवघड जाई.