हार्बर लाइनवरची सहा नावं

मुंबईत कुणालाही ‘समुद्र कुठे?’ असं विचारलं, तर हात पश्चिमेकडे जातो. चौपाटी, मरीन ड्राइव्ह, वरळी, जुहू. सूर्य तिकडे मावळतो, भेळ तिकडे मिळते आणि गणपतीही बहुतेक तिकडेच विसर्जित होतात. पण ज्या समुद्राने या गावाचं शहर केलं, तो पूर्वेचा. पावसाळी वाऱ्याला मुंबई बेटाचाच आडोसा असल्यामुळे या बाजूला जहाजं निर्धास्त नांगर टाकू शकत. इंग्लंडच्या राजाने 1668 मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, तेव्हा कंपनीचा डोळा होता तो या बंदरावर.

1873 मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. गोद्या, गोदामं, मालगाडीचे रूळ आणि उंच भिंती यांनी हळूहळू हा सगळा किनारा व्यापला, आणि त्यामागे राहणाऱ्या शहराला पाणी दिसेनासं झालं. आजही या भागातून जायचा सामान्य माणसाचा मार्ग म्हणजे हार्बर लोकल. 1925 साली भारतातली पहिली विजेवरची गाडी याच मार्गावर, व्हीटी ते कुर्ला अशी धावली. सीएसएमटी सोडल्यावर शिवडीपर्यंत सहा स्टेशनं लागतात. समुद्र फारसा दिसत नाही, पण ही सहा नावं नीट ऐकली तर त्याचा इतिहास ऐकू येतो.

पहिलं मस्जिद. आपण त्याला मस्जिद बंदर म्हणतो, पण नावातली ‘मशीद’ मुळात ज्यूंचं सिनेगॉग होतं, असं सांगितलं जातं. कोकणातून आलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजातले सॅम्युअल इझिकेल दिवेकर कंपनीच्या फौजेत होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्यावर त्यांनी 1796 मध्ये इथे प्रार्थनास्थळ उभारलं. ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचं द्वार, हे सिनेगॉग आजही या वस्तीत आहे. शेजारच्या मांडवीचा अर्थ जकात घेण्याची जागा. त्यापुढे चिंचबंदर, वाडीबंदर, दाणाबंदर. दाणाबंदरात पाठीवर पोती वाहणारे बहुतेक हमाल सातारा आणि पुणे जिल्ह्यांच्या डोंगराळ भागातले. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. पुढे धान्याचा घाऊक बाजार नवी मुंबईत गेला. बंदरं भरावाखाली गेलीच होती, मग बाजारही गेला. नावं तेवढी उरली.

याच मांडवीत सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईतल्या प्लेगचं निदान केलं. लोक मिळेल त्या गाडीने, होडीने शहर सोडून गेले. पुढचं स्टेशन आहे सँडहर्स्ट रोड. लॉर्ड सँडहर्स्ट हा त्या काळातला गव्हर्नर. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाटीच्या वस्त्या कापून पूर्व-पश्चिम रुंद रस्ते काढले गेले. पश्चिमेच्या समुद्रावरचा वारा आत खेळला तर रोगराई हटेल, अशी त्यामागची कल्पना होती. रस्त्याचं नाव कधीच बदललं, तो आता सरदार वल्लभभाई पटेल मार्ग आहे. स्टेशनाचं राहिलं. नाव साहेबाचं खरं, पण त्यामागे प्लेगची आणि तेव्हा उठवलेल्या घरांची गोष्ट आहे.

मग डॉकयार्ड रोड, म्हणजे माझगाव. सात बेटांपैकी हे एक. एके काळी आंब्यांसाठी नावाजलेलं, पुढे जहाजबांधणीसाठी. आजही माझगाव डॉकमध्ये नौदलाच्या युद्धनौका आणि पाणबुड्या तयार होतात. जवळच भाऊचा धक्का आहे. भाऊ रसूल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी एकोणिसाव्या शतकात धक्का बांधला, म्हणून हे नाव. गिरणगावातल्या कितीतरी कोकणी घरांची मुंबई इथे सुरू होते. खांद्यावर वळकटी घेऊन आजोबा उतरले ते याच धक्क्यावर. 17 जुलै 1947 ला रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट इथूनच सुटली आणि वाटेत वादळात बुडाली. सहाशेंहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता.

रे रोड हेही गव्हर्नरचंच नाव. लोकांच्या तोंडी मात्र दारूखाना आणि घोडपदेव. दारूखान्यातली दारू म्हणजे बंदुकीची. पुढे इथे जुनी जहाजं तोडण्याचा धंदा वाढला.

पाचवं नाव मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं : कॉटन ग्रीन. पूर्वी फोर्टात, सेंट थॉमस चर्चजवळच्या मोकळ्या मैदानात कापसाच्या गाठी रचून सौदे होत. 1844 मध्ये तो बाजार कुलाब्याला हलवला गेला. विसाव्या शतकात तो शिवडीच्या बाजूला, पोर्ट ट्रस्टच्या जागेत आला आणि येताना मैदानाचं नावही सोबत घेऊन आला. 1861 ते 1865 या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं आणि बाजार कोसळला. पण मधल्या काळात शहरात आलेला पैसा इमारतींत दिसतो. राजाबाई टॉवरला देणगी देणारे प्रेमचंद रायचंद हे कापसाच्या व्यापारातले आणि सट्ट्यातले बडे नाव.

ओव्हलच्या दोन्ही बाजूंच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना 2018 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. योग्यच झालं. पण कापूस चढला तो पूर्वेच्या धक्क्यांवरून. कमाई एका किनाऱ्याची, देखावा दुसऱ्या किनाऱ्याचा. आणि वारसा म्हणून आपण मान देतो तो बहुधा देखाव्यालाच.

या किनाऱ्याने किंमतही मोजली आहे. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं होती आणि सोबत कापसाच्या गाठी. आधी आग लागली ती कापसाला. मांडवीची वस्ती जळाली, शेकडो माणसं मेली, 66 अग्निशामक जवान कामी आले. देशभर 14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्याच स्मरणार्थ.

2024 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने मुंबईतल्या काही स्टेशनांची नावं बदलण्याचा ठराव संमत केला. त्यानुसार सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, डॉकयार्ड रोडचं माझगाव आणि कॉटन ग्रीनचं काळाचौकी व्हायचं आहे. म्हणजे सहांतली तीन. याला सरसकट विरोध करण्याचं कारण मला दिसत नाही. डोंगरी आणि माझगाव ही नावं इंग्रजांहून जुनी आहेत, काळाचौकी हे गिरणी कामगारांच्या वस्तीचं आपलं नाव आहे. पण साहेबाचं नाव आणि उरलेली दोन यांत फरक आहे. ‘डॉकयार्ड’ आणि ‘कॉटन ग्रीन’ यांनी कुणाचाही गौरव होत नाही. तिथे कोणतं काम चालायचं, एवढंच ती सांगतात. गोदी आणि कापूस, ज्यांच्यावर हे शहर जगलं, ते रेल्वेच्या नकाशावरून एकदमच पुसले जातील.

शिवाय हा प्रश्न पाट्यांपुरता नाही. न्हावाशेवा बंदर 1989 मध्ये सुरू झाल्यापासून मालवाहतूक तिकडे सरकली आणि पोर्ट ट्रस्टच्या शेकडो हेक्टर जमिनीचं काय करायचं, याच्या योजना निघू लागल्या. उद्या भिंती पडतील, पाणी दिसेल, कदाचित फिरायला जागाही मिळेल. पण तिथे येणाऱ्या मुलाला दाणाबंदर म्हणजे काय हे कळलं नाही, तर त्याच्या लेखी तो समुद्र आणखी एक मरीन ड्राइव्हच असेल.

नवी नावं लावायची तर लावावीत. फक्त प्रत्येक फलाटावर एक साधी पाटी असावी, मराठीत, दोन ओळींची. मस्जिदला दिवेकरांची. सँडहर्स्ट रोडला प्लेगची. डॉकयार्ड रोडला रामदास बोटीची. काळाचौकीला, ‘या स्टेशनचं नाव पूर्वी कॉटन ग्रीन होतं. इथे कापसाचा बाजार भरत असे.’ खर्च फार नाही. शिवडीपर्यंत गाडी थांबत थांबतच जाते. तेवढ्यात वाचून होईल.