शासन, विद्यापीठ आणि कारखाना : एका त्रिवेणी सहकार्याचा इतिहास



या स्मृतिव्याख्यानासाठी निवडलेला विषय वरवर पाहता राजेश्वरसारख्या गावाला दूरचा वाटण्याचा संभव आहे. विद्यापीठातील प्राध्यापक आणि कारखान्याचे मालक यांनी मिळून संशोधन करावे, आणि त्याचा खर्च शासनाने, म्हणजे पर्यायाने तुम्ही-आम्ही, सोसावा, ही गोष्ट राजधानीत ठरते अशी आपली समजूत असते. परंतु आपल्या गावावरून जाणारा महामार्गच पाहा. त्याच्या एका टोकाला पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, दुसऱ्या दिशेला हैदराबादची भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था आहे आणि हैदराबाद गाठण्यापूर्वी पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय संस्था लागते. या विषयाचा निम्मा इतिहास आपल्या दारावरून ये-जा करीत असतो. तो कसा घडला आणि त्यातून आपल्या वाट्याला काय आले, एवढेच आज पाहावयाचे आहे.

आरंभ करावा तो आज आपण ज्या राज्यात आहोत त्या राज्याच्या राजधानीपासून. जमशेटजी टाटांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उच्च विज्ञानशिक्षणाच्या संस्थेची कल्पना मांडली आणि तिच्यासाठी आपल्या मिळकतीचा मोठा भाग देऊ केला. म्हैसूर संस्थानाने बंगळूर येथे 371 एकर जमीन दिली, आर्थिक साहाय्याचाही भार उचलला, आणि हिंदुस्थान सरकारच्या मान्यतेने 1909 मध्ये भारतीय विज्ञान संस्था अस्तित्वात आली. उद्योगपती, संस्थानी राजवट आणि परकीय सरकार अशा तिघांनी एकत्र येऊन उभारलेली ही संस्था. जमशेटजी मात्र 1904 मध्येच निवर्तले होते.

या सहकार्याची पहिली कसोटी महायुद्धाने घेतली. म्हैसूरचे चंदन तोपर्यंत मोठ्या प्रमाणावर जर्मनीला जाई आणि तेथे त्याचे तेल काढले जाई. 1914 मध्ये युद्ध पेटले, ही बाजारपेठ बंद झाली आणि संस्थानच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन धोक्यात आले. तेव्हा विज्ञान संस्थेतील प्राध्यापक सडबरो आणि वॉटसन यांनी तेल काढण्याची रीत बसविली, आणि 1916 मध्ये संस्थानने चंदनतेलाचे उत्पादन स्वतः सुरू केले. झाड आपले आणि विद्या परक्याची, ही स्थिती दोन वर्षांत पालटली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रयोगशाळा आधीपासून उभी होती, म्हणूनच संकटाच्या वेळी ती उपयोगी पडली. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा प्रसंग आला नाही.

दुसरा टप्पा लाहोरचा. पंजाब विद्यापीठात डॉ. शांतिस्वरूप भटनागर रसायनशास्त्राचे अध्यापन करीत होते. रावळपिंडी भागात खनिज तेलासाठी विहिरी खोदणाऱ्या कंपनीपुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. खोदकामासाठी वापरला जाणारा चिखल भूगर्भातील खाऱ्या पाण्याच्या संपर्काने घट्ट होई आणि यंत्रे अडून बसत. भटनागरांनी हा प्रश्न कलिल रसायनाचा आहे हे ओळखले आणि एका देशी डिंकाच्या मिश्रणाने चिखल पातळ राखण्याचा उपाय सुचविला. संतुष्ट झालेल्या स्टील ब्रदर्स कंपनीने दीड लाख रुपये देऊ केले. भटनागरांनी ती रक्कम स्वतः न घेता विद्यापीठाच्या स्वाधीन केली आणि तीतून पेट्रोलियम संशोधनाचा विभाग उभा राहिला. त्यांच्या निर्लोभीपणाचे आपण कौतुक करतोच. परंतु त्याहून मोलाची आहे ती त्यांनी घालून दिलेली रीत. कारखान्याचा प्रश्न विद्यापीठात यावा, उत्तर कारखान्याला मिळावे, आणि मोबदला मात्र पुढच्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणात मुरावा, अशी ही रीत होती.

दुसऱ्या महायुद्धाने सरकारलाही जाग आली. 1940 मध्ये शास्त्रीय व औद्योगिक संशोधन मंडळ स्थापन झाले, त्यासाठी वार्षिक पाच लाख रुपयांची तरतूद झाली आणि भटनागरांना लाहोरहून बोलावून घेण्यात आले. संशोधनाची फळे कारखान्यापर्यंत पोहोचावीत म्हणून 1941 च्या आरंभी एक स्वतंत्र समितीही नेमली गेली. त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला सर रामस्वामी मुदलियार यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात औद्योगिक संशोधन निधीचा ठराव मांडला. पाच वर्षे दरसाल दहा लाख रुपये द्यावेत, अशी त्याची मागणी होती. 26 सप्टेंबर 1942 रोजी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद कार्यान्वित झाली. पुढे 1944 मध्ये राष्ट्रीय प्रयोगशाळांसाठी सरकारने एक कोटी रुपये मंजूर केले, आणि टाटा समूहाने रसायन, धातू व इंधन या तीन प्रयोगशाळांसाठी वीस लाख रुपयांची देणगी दिली. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते 3 जानेवारी 1950 रोजी पुण्यात झाले. देश प्रजासत्ताक होण्यास तेव्हा तेवीस दिवस उरले होते.

महाराष्ट्रात या कार्याची पूर्वतयारी आधीच झाली होती. मुंबई विद्यापीठाने 1 ऑक्टोबर 1933 रोजी आपला रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला. गिरण्यांच्या त्या शहराला कापडाचे रसायनशास्त्र जाणणाऱ्या माणसांची गरज होती. 1938 मध्ये डॉ. के. वेंकटरामन हे रंगद्रव्यांचे नामांकित अभ्यासक या विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि पुढे 1957 मध्ये पुण्याच्या प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालकही तेच झाले. पदवीधरांनी कारखाने काढावेत, कारखान्यांनी पुन्हा विभागाकडे प्रश्न घेऊन यावे, असा परिपाठ तेथे पडला. हाच विभाग 2008 मध्ये अभिमत विद्यापीठ झाला आणि 2018 मध्ये त्याची शाखा मराठवाड्यात जालन्यास निघाली.

आता आपल्या घरच्या इतिहासाकडे वळू. 1956 पर्यंत बीदर जिल्हा हैदराबाद राज्यात होता. निजाम सरकारने 1929 मध्ये एक कोटी रुपयांचा औद्योगिक विश्वस्त निधी उभारला. त्यातून मोठ्या उद्योगांत भागभांडवल आणि लहान धंद्यांना कर्ज दिले जाई. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले होते. 1944 मध्ये हैदराबाद सरकारने शास्त्रीय व औद्योगिक संशोधनाच्या मध्यवर्ती प्रयोगशाळा स्थापन केल्या. म्हणजे निधी, विद्यापीठ आणि प्रयोगशाळा ही तिन्ही साधने एकाच राज्यात होती. तथापि त्या खजिन्यात भर घालणाऱ्या मराठी, कन्नड आणि तेलुगु रयतेच्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार उर्दूतून उघडावे लागे. ज्ञानाचे मंदिर जनतेच्या पैशावर उभे राहते, पण त्याच्या पायऱ्या जनतेच्या भाषेत नसतात, ही खंत येथे नोंदविली पाहिजे. 1956 मध्ये ही प्रयोगशाळा राष्ट्रीय परिषदेच्या छत्राखाली गेली, आणि त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन बीदर म्हैसूर राज्यात आले. आपण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलो आणि प्रयोगशाळा राज्याकडून राष्ट्राकडे गेली.

स्वातंत्र्योत्तर काळातील या व्यवस्थेवर एक गंभीर आक्षेप होता आणि तो घेणारी माणसे सामान्य नव्हती. मेघनाद साहा आणि चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना सरकारी प्रयोगशाळांचा हा विस्तार मान्य नव्हता. पैसा आणि गुणी माणसे प्रयोगशाळांत गेली तर विद्यापीठे ओस पडतील, अशी भीती होती. ती पुष्कळशी खरी ठरली. शिकविणारा संशोधनापासून तुटला आणि संशोधक विद्यार्थ्यापासून. कारखानदारालाही आयात परवाने व संरक्षित बाजारपेठ यांच्या आश्रयाने नवे काही शोधण्याची निकड राहिली नाही. तिघे एकाच पंगतीला बसले खरे, पण प्रत्येकाचे ताट वेगळे होते.

असे असूनही जेथे तिघांची गाठ पडली तेथे काय घडू शकले, याची दोन उदाहरणे आपल्याच महामार्गावर सापडतात.

पहिले औषधाचे. मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात शिकलेले आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत वेंकटरामन यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळविलेले डॉ. ए. व्ही. रामाराव 1985 मध्ये हैदराबादच्या संस्थेचे संचालक झाले. एड्सवरील झिडोवुडिन या औषधाची निर्मितिप्रक्रिया त्यांच्या संस्थेने विकसित केली आणि मुंबईच्या सिप्ला कंपनीने ते औषध 1993 मध्ये बाजारात आणले. औषधाच्या रेणूवर एकस्व न देता केवळ निर्मितीच्या पद्धतीवर देणारा 1970 चा कायदा त्या वेळी लागू होता, म्हणूनच हे शक्य झाले. 2001 मध्ये याच कंपनीने तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केला. पाश्चात्त्य कंपन्यांच्या औषधांना तेव्हा वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येई. मात्र आपल्या देशात शासनाची मोफत उपचार योजना सुरू झाली ती 1 एप्रिल 2004 रोजी. औषध तयार होते आणि कारखाना तयार होता, परंतु गरीब रोग्याच्या हाती ते पडण्यास अकरा वर्षे लागली. संशोधनाला पैसा देऊन शासनाचे कर्तव्य संपत नाही, हा धडा त्या अकरा वर्षांत गेलेल्या जिवांनी आपल्याला शिकविला आहे.

दुसरे उदाहरण तुरीचे. कलबुर्गी आणि बीदर हा तुरीचा मुलूख. मर रोगाने उभे पीक डोळ्यांदेखत वाळून जाताना या भागातील शेतकऱ्यांनी पाहिले आहे. 1972 मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅटने महाराष्ट्रातून मिळालेल्या स्थानिक वाणातून मर रोगाला दाद न देणारे वाण निवडले, आणि 1986 मध्ये ते कर्नाटकात ‘मारुती’ या नावाने प्रसृत झाले. सार्वजनिक पैशातून झालेले हे संशोधन कोरडवाहू शेतकऱ्याच्या पेरणीपर्यंत पोहोचले. पुढे 2000 च्या सुमारास याच संस्थेने खाजगी बियाणे कंपन्यांचा एक संघ बनविला. कंपन्या वर्गणी देतात आणि संकरित वाणांसाठी लागणारे जनकवाण घेतात. ज्वारी-बाजरीचे संकरित बियाणे त्यामुळे झपाट्याने पसरले. मात्र ‘मारुती’चे बी शेतकरी घरी राखून पुढच्या वर्षी पेरू शकतो, संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. सहकार्याचा करार कसा लिहिला आहे, यावर लाभ कोणाच्या घरी जाणार हे ठरते.

गेल्या चार दशकांत शासनाने या कामी अनेक उपाय योजले. 1986 च्या कायद्याने परदेशी तंत्रज्ञानाच्या आयातीवर संशोधन उपकर बसविला, 1995 च्या कायद्याने तंत्रज्ञान विकास मंडळ निर्माण केले, आणि तो उपकर 2017 मध्ये रद्द झाला. 2023 च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये उभारावयाचे आणि त्यांपैकी सुमारे छत्तीस हजार कोटी शासनाबाहेरून, मुख्यतः उद्योगांकडून यावेत, अशी त्यामागची योजना आहे. 2025 मध्ये खाजगी क्षेत्रातील संशोधनासाठी दीर्घ मुदतीच्या व अल्पव्याजी अर्थसाहाय्याकरिता एक लाख कोटी रुपयांचा निधी मंजूर झाला. आकडे डोळे दिपविणारे आहेत. परंतु 2020-21 मध्ये देशाच्या एकूण उत्पन्नापैकी संशोधनावर झालेला खर्च शेकडा 0.64 इतकाच होता, आणि त्यातील मोठा वाटा सरकारचा होता, हेही विसरता येत नाही.

या इतिहासातून माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन कसोट्या निघतात. पहिली, पैसा नियमित आणि दीर्घकाळ मिळावा, कारण चंदनाच्या वेळी उपयोगी पडली ती आधीच उभी असलेली प्रयोगशाळा. दुसरी, प्रत्येक सहकार्यात विद्यार्थ्याचा वाटा असावा, जसा भटनागरांनी लाहोरला राखला. आणि तिसरी, ज्यांच्या पैशावर हे चालते त्यांचे प्रश्नही संशोधनाच्या यादीत असावेत. हुमनाबादच्या औद्योगिक वसाहतीतील सांडपाण्याबद्दल आणि दुर्गंधीबद्दल आसपासच्या गावांनी वेळोवेळी तक्रारी केल्या आहेत. औषध कसे बनवावे हा जसा संशोधनाचा विषय आहे, तसाच ते बनविताना गावची विहीर निर्मळ कशी ठेवावी हाही आहे. पहिल्यासाठी कारखानदार पैसा देईल. दुसऱ्यासाठी बहुधा शासनालाच द्यावा लागेल, आणि तो मागण्याचे काम आपले आहे.

मागण्यासाठी समज लागते, आणि ती शाळेत येते. सीमाभागातील आपल्या मुलांवर दोन-तीन भाषांचे ओझे आहे असे म्हटले जाते. माझ्या मते ती तीन दारे आहेत. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि हैदराबादच्या वाटेवर हिंदी-उर्दू ऐकणारे मूल पुढे प्रयोगशाळेची भाषाही शिकेल. प्रश्न मात्र त्याने आपल्या गावचा न्यावा. ज्या गुरुजनांच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो, त्यांनी या शाळेत मुलांना प्रश्न विचारू दिले. त्यांतला एखादा प्रश्न उद्या पुण्याच्या किंवा हैदराबादच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचला आणि त्याचे उत्तर आपल्या शिवारात परत आले, तर या व्याख्यानमालेचे सार्थक झाले असे मी समजेन.