फेडोराची घडण

‘फेडोरा’ या टोपीचे नाव रंगभूमीवरून आले. व्हिक्टोरियां सार्दू यांच्या १८८२ च्या नाटकातील नायिकेचे हे नाव. ती भूमिका सारा बर्नार्ड यांनी केली. पुरुषांनी ही टोपी आपलीशी केली ती नंतर.

उंची फेडोराचा नमदा सशाच्या किंवा बीव्हरच्या लवीचा असतो. केसांवरचे सूक्ष्म खवले उष्णता, ओल आणि दाब मिळताच एकमेकांत गुंततात. विणायचे कामच उरत नाही. केस नीट गुंतावेत म्हणून लवीला पूर्वी पाऱ्याचे द्रावण लावत आणि कारागिरांचे हात थरथरू लागत. अमेरिकेत ही पद्धत १९४१ मध्ये थांबली.

वाफेवर नमदा मऊ पडतो, लाकडी ठोकळ्यावर ताणला जातो आणि थंड होताच तोच आकार धरतो. घट्ट टोपी अशीच सैल करतात. सैल टोपीच्या आतल्या चामडी पट्टीमागे मात्र कागदाची घडी सरकवली तरी भागते.

१९८१ च्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या चित्रपटासाठी लंडनच्या हर्बर्ट जॉन्सन या दुकानातील ‘पोएट’ ही फेडोरा निवडली गेली. तिचा काठ दोन्ही बाजूंना अरुंद कापला, त्यामुळे नायकाचा चेहरा झाकला जात नाही. वेशभूषाकार डेबोरा नॅडूलमन यांनी कोरी टोपी चुरगाळून, मळवून जुनी केली. हुबेहूब प्रतिकृती करणाऱ्यांची खरी कसोटी या मळवण्यातच लागते.