खडशी (दख्खनी महसीर)

दख्खनच्या नद्यांतला गोड्या पाण्यातला मोठा मासा. शास्त्रीय नाव टॉर खुद्री, कुळ सिप्रिनिडी. रोहू, कटला याच कुळातले. पुणेकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे विज्ञानाला या माशाची पहिली ओळख मुळा-मुठेने करून दिली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात पुण्याच्या पूर्वेकडील या नदीतला खडशी होता. ‘खुद्री’ हे नाव त्यांनी इथल्याच बोलीतून उचलले.

अंग लांबट, खवले मोठे आणि जाड, ओठ मांसल, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या, पर निळसर झाकेचे. जबड्यात दात नसतात. घशातल्या दातांनी तो शिंपले-गोगलगायी फोडतो. किडे, शेवाळ, लहान मासे आणि काठच्या झाडांची पाण्यात पडलेली फळेही खातो. म्हणून नदीकाठचे रान तुटले की त्याचे ताटही रिकामे होते. त्याला खडकाळ तळाचे, वाहते, भरपूर प्राणवायूचे पाणी लागते. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि वाळू-गोट्यांत अंडी घालतो. आडवे आलेले धरण ही वाटच बंद करते.

काही डोहांत श्रद्धेने त्याला राखले आहे. महाडजवळ वाळणकोंड येथे काळ नदीच्या डोहातले महसीर देवीचे मानले जातात. त्यांना कोणी मारत नाही, भाविक खाऊ घालतात.

लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकात कृत्रिम प्रजनन सुरू केले. तिथली बोटुकली देशभर सोडली गेली. हेतू चांगला होता, पण कावेरीत ती चुकीच्या घरी गेली. तिथला मूळचा कुबडा महसीर, टॉर रेमादेवी, झपाट्याने घटला. खडशीशी झालेली स्पर्धा हे त्याचे एक प्रमुख कारण असल्याचे अभ्यासक मानतात. २०१८ मध्ये कुबड्याची नोंद अतिसंकटग्रस्त प्रजातींत झाली. खडशी २०११ मध्ये संकटग्रस्त गणला गेला होता. नव्या मूल्यमापनात तो किमान चिंतेच्या वर्गात आहे. या बढतीवर विसंबणे धोक्याचे आहे. ज्या मुळा-मुठेने त्याला नाव दिले, तिच्यात पुण्याखाली आज शहराचे सांडपाणी वाहते. बोटुकली सोडण्याआधी ते थांबवायला हवे.