तळटीप १४ : चेसिसमधला स्विच

१४. अंधेरी (पूर्व) येथे १९७३ साली इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी उभारलेल्या आणि पुढे सॉफ्टवेअर कंपन्यांनाही सामावून घेणाऱ्या सीप्झमधील सर्व्हर-खोलीचा हा उल्लेख आहे. ‘ब्लेड’ म्हणजे एकाच चेसिसमध्ये उभे खोचलेले पातळ सर्व्हर; आयबीएमच्या ब्लेडसेंटरमध्ये (२००२) असे चौदा बसत आणि त्यांची नेटवर्क-जोडणी चेसिसच्या मागे बसवलेल्या स्विचमधून बाहेर पडे. या स्विचचा आयपी पत्ता चेसिसच्या व्यवस्थापन मॉड्यूलमधून द्यावा लागे आणि बाहेरचे पोर्टही तेथूनच चालू करावे लागत. व्हीलॅन, म्हणजे एकाच जाळ्याचे आभासी विभाग, मात्र स्विचमध्ये लॉगिन करून आखावे लागत. पहिले काम सर्व्हरवाल्यांच्या, तर दुसरे नेटवर्कवाल्यांच्या अखत्यारीतले; त्यामुळे स्विचवर हक्क सर्व्हरवाल्यांचा की नेटवर्कवाल्यांचा, हा येथील वाद निव्वळ मानापमानाचा नव्हता.