झाड आणि भाकरी

कामगार चळवळीत उमेद घालवलेल्या आमच्यासारख्यांपुढे कुणी झाडे वाचवण्याचा विषय काढला, की एक प्रश्न हटकून येतो: आधी झाड की आधी भाकरी? विचारणाऱ्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते. झाडाची काळजी ही पोट भरलेल्यांची हौस. ज्याची संध्याकाळची चूल पेटण्याची शाश्वती नाही, त्याला अरण्याशी काय कर्तव्य? गेल्या शतकाच्या उत्तरार्धातील तीन माणसांचा इतिहास पाहिला म्हणजे हे उत्तर तपासून घ्यावे लागते. त्यांतला एक इमारतीवरचा बिगारी, दुसरा मोटारकंपनीतला बुकिंग क्लार्क आणि तिसरा रबराच्या झाडाचा चीक गोळा करणारा. तिघांपैकी एकही वनस्पतिशास्त्र शिकलेला नव्हता.

पहिला जॅक मंडी. १९२९ साली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात जन्मलेला हा तरुण रग्बी खेळण्यासाठी सिडनीला आला, पुढे इमारतींवर मजुरी करू लागला आणि १९६८ साली न्यू साउथ वेल्समधील बांधकाम मजुरांच्या युनियनचा चिटणीस झाला. सिडनीत तेव्हा जुनी घरे पाडून उंच इमारती उठवण्याची झुंबड उडाली होती. १९७१ साली हंटर्स हिल या सुखवस्तू उपनगरातील तेरा स्त्रिया या युनियनकडे आल्या. केलीज बुश नावाचा नदीकाठचा रानाचा तुकडा बंगल्यांसाठी विकला गेला होता. नगरपालिकेपासून मुख्यमंत्र्यांपर्यंत सर्वांची दारे त्यांनी ठोठावली होती.

मध्यमवर्गीय बायकांच्या रानासाठी मजुराने आपला रोज का बुडवावा, हा प्रश्न त्या युनियनमध्येही निघाला. युनियनने अट घातली: हे साऱ्या वस्तीचे मागणे आहे हे जाहीर सभेत दाखवा. सभेला पाचशेहून अधिक माणसे आली आणि युनियनने तेथे काम करण्यास नकार दिला. बांधकाम कंपनीने युनियनबाहेरचे मजूर आणण्याची धमकी दिली. तेव्हा त्याच कंपनीच्या दुसऱ्या एका अर्ध्या झालेल्या इमारतीवरील मजुरांनी ठराव केला, की केलीज बुशमधील एका झाडाला जरी हात लागला, तरी ही इमारत कायमची अशीच अर्धवट राहील. कंपनीने माघार घेतली. १९८३ साली सरकारने ती जागा विकत घेऊन सार्वजनिक केली.

पुढे अशा बंदीला ‘ग्रीन बॅन’ म्हणजे हिरवी बंदी हे नाव पडले. १९७५ पर्यंत अशा चाळीसहून अधिक बंद्या झाल्या. ‘द रॉक्स’ ही गरिबांची जुनी वस्ती तिच्यामुळे पाडापाडीतून वाचली. ऑपेरा हाउसच्या मोटारतळासाठी वनस्पतिउद्यानातील जुन्या अंजीरवर्गीय झाडांच्या मुळांशी खणायचे होते, तेही थांबले. मंडीच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की पगारवाढ मिळवली, पण ती घेऊन ज्या शहरात राहायचे त्यात झाड नाही, मैदान नाही, तर मिळवले काय? त्यापुढचे त्याचे म्हणणे आम्हांला अधिक मोलाचे वाटते. आपले श्रम कशासाठी वापरले जावेत, हे सांगण्याचा हक्क श्रम करणाऱ्याला असला पाहिजे. आजवर आपल्या युनियनांनी मुख्यत्वे श्रमाच्या किमतीबद्दलच भांडण केले आहे.

हे फुकट झाले नाही. १९७३ साली पदाची मुदत संपताच मंडी पुन्हा मजुरीवर गेला. पण १९७५ पर्यंत युनियनच्याच केंद्रीय मंडळाने ही प्रांतिक शाखा ताब्यात घेतली आणि मंडीसह तिच्या पुढाऱ्यांना सभासदत्वातून काढून टाकले. युनियनचे कार्ड नाही, तर इमारतीवर काम नाही. त्याने झाडासाठी भाकरीची किंमत मोजली ती अशी.

त्याच सुमारास आपल्याकडे गढवालात चंडीप्रसाद भट्ट हे एका मोटारमालक संघाच्या कचेरीतून बाहेर पडलेले गृहस्थ वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचत होते. १९६० साली नोकरी सोडून ते सर्वोदयाच्या कामात आले. जंगलाचे नाव तेव्हा त्यांच्या कार्यक्रमात नव्हते. मजुरांची सहकारी संस्था काढून डोंगरातल्या माणसाला गावाजवळ काम मिळवून द्यावे, एवढाच हेतू. १९६४ साली त्यांनी दशोली ग्राम स्वराज्य संघ उभा केला. १९७० च्या अलकनंदेच्या महापुरानंतर मदतकार्य करताना त्यांच्या ध्यानात आले, की उघड्या पडलेल्या डोंगरांचा आणि पुराचा संबंध आहे. १९७३ साली शेतीच्या अवजारांसाठी अंगूची थोडी झाडे संघाला नाकारली गेली, आणि तीच झाडे खेळाचे साहित्य बनवणाऱ्या अलाहाबादच्या एका कंपनीला मिळाली. शेतकऱ्याच्या जुवाला लाकूड नाही, टेनिसच्या रॅकेटला आहे! त्या एप्रिलमध्ये मंडल गावी लोक उभे राहिले आणि कंपनीची माणसे रिकाम्या हाताने परतली. ‘चिपको’ची सुरुवात ती. पुढच्या वर्षी, २६ मार्च १९७४ रोजी, पुरुष नुकसानभरपाईसाठी चमोलीला गेले असताना रेणीच्या गौरादेवी व त्यांच्या सोबतिणींनी जंगल राखले.

तिसरा चिको मेंडिस. ब्राझीलच्या आक्रे प्रांतातला. लहानपणापासून त्याने रबराच्या झाडाला चीर देऊन चीक गोळा केला. मालकाच्या दुकानातून उधारीवर माल घ्यायचा आणि हिशेब मालकानेच लिहायचा, अशी तिथली रीत. मजूर निरक्षर राहील तर बरे, असा मालकांचा कारभार. मेंडिस अठराच्या सुमारास वाचायला शिकला, तो रानात आश्रयाला आलेल्या एका राजकीय बंडखोराकडून. १९७० नंतर गुरांच्या कुरणांसाठी मोठे जमीनदार जंगल तोडू लागले, तेव्हा मजूर बायकामुलांसह करवतींपुढे जाऊन उभे राहू लागले. मेंडिसला पर्यावरण हा शब्द नंतर कळला असावा. झाड गेले की आपला धंदा गेला, हे मात्र त्याला पहिल्यापासून ठाऊक होते. १९८५ साली रबर-मजुरांची राष्ट्रीय परिषद भरली. जंगल सरकारी मालकीचे राहावे, पण चीक व फळे गोळा करण्याचा हक्क तेथील लोकांना असावा, ही राखीव क्षेत्राची मागणी तिच्यातून आली. २२ डिसेंबर १९८८ रोजी मेंडिसचा त्याच्या घराच्या परसात गोळी घालून खून झाला. १९९० साली त्याच्याच नावाने नऊ लाखांहून अधिक हेक्टरांचे असे क्षेत्र स्थापन झाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सिडनीच्या मजुराचा काही काळ रोज बुडाला, हे खरे; तिथे झाड आणि भाकरी समोरासमोर आलीच होती. गढवालात आणि आक्रेत मात्र झाड हीच भाकरी होती, आणि ती हिरावणारा दुसराच कुणी होता. म्हणून ‘झाड की भाकरी’ असे कुणी विचारील, तेव्हा कोणाची भाकरी आणि ती काढून कोणाच्या ताटात जाते, हे आपण आधी विचारून घेतले पाहिजे. या तिघांनी ते विचारले, कारण आपल्या धंद्यातून त्यांना ते दिसत होते. बिगाऱ्याला नकाराचे बळ ठाऊक होते, क्लार्काला सहकारी संस्थेचे, चीक काढणाऱ्याला झाडाच्या सालीचे. आमच्या युनियनांच्या मागणीपत्रकांत महागाईभत्ता असतो, बोनस असतो. कारखान्याच्या नाल्यातून काय वाहते आणि ते कोणाच्या विहिरीत उतरते, याचे कलम क्वचितच असते. ते घालण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.